उंबरदांडची शिळा

बालाघाटाच्या कुशीत, ओढ्याकाठी, उंबरदांड नावाची पंधरा उंबऱ्यांची वाडी आहे. एका उन्हाळ्यात अचलानंद महाराज फिरत फिरत तिथे आले आणि धुरपा धनगरणीच्या पडवीत उतरले.

तुळाजी पाटलांना हे कसे सोसावे! त्यांच्या घरी पाट मांडला होता, पुरण शिजले होते. महाराज मात्र त्या विधवेच्या कण्या आणि ताक आवडीने घेत. वर रोज तिला म्हणत, "धुरपाबाई, वाडी कशी वसली ते सांग पाहू."

"आमच्या वाडवडलानं, बिरू धनगरानं, हितं पयलं पाल ठोकलं, महाराज. देवगिरीच्या राजानं तसं शिळेवर लिवून दिलंय."

ऐकताना महाराजांचे डोळे भरून येत.

"मेंढरांमागची बाई वाडीचा इतिहास सांगते!" पाटील चारचौघांत हसत. "अहो, वाडी वसवली आमच्या पूर्वजांनी!" पण घरी त्यांना घास गोड लागेना. महाराज आपल्या दारी एकदाही आले नाहीत, हे आत सलत राही. शेवटी एका दुपारी सारे रानात गेलेले पाहून त्यांनी छिन्नी उचलली आणि वेशीजवळच्या शिळेवरची अक्षरे खरवडून टाकली. ती जुनी लिपी त्यांना कधी वाचताच आली नव्हती.

चारच दिवसांत परगण्याचे देसाई कारकुनासह वाडीत आले. "ही जमीन आपली असल्याचे शेजारचे गाव सांगते. पुरावा दाखवा, नाहीतर घरे उठवा."

पाटलांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांचेही घर त्यातच होते!

धुरपा शिळेकडे धावली आणि कपाळावर हात मारून खाली बसली. "महाराज, माझ्या बिरूला कुणी पुसलं हो!"

महाराजांनी पाटलांकडे एकदा पाहिले. नाव घेतले नाही. म्हणाले, "रडू नकोस, बाई. घरातले ताक आण आणि शिळेला स्नान घाल."

"ताकाने कधी अक्षरे उगवतात काय?" पाटलांच्या तोंडून तेव्हाही निघून गेले.

धुरपाने गाडगे ओतले. आणि काय सांगावे! ताक जिथून ओघळले तिथे पांढरीशुभ्र अक्षरे एकेक करून उभी राहिली. कारकून वाचू लागला, "बिरू धनगराने ही वाडी वसवली. तिचे रान तिचेच. दुष्काळात उपाशी आलेल्या मायदेवास बिरूने धाकटा भाऊ मानून घर दिले, पाटिलकी दिली."

मायदेव! पाटलांच्या घराण्याचा मूळपुरुष. रागाच्या भरात त्यांनी स्वतःच्याच पूर्वजाचे नाव खरवडले होते.

देसाईंनी शिळेला हात जोडले आणि वाडी राखली. पाटील मात्र महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, छिन्नी माझीच होती. मी जळत होतो हो!"

महाराज हळूच मागे सरले. "माझे पाय कशाला धरता? थोरल्या घरची लेक तिथे उभी आहे."

भर उन्हात, साऱ्या वाडीदेखत, तुळाजी पाटलांनी धुरपापुढे डोके टेकले. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ भावा," ती म्हणाली, "ऊन लागंल. कण्या शिजल्यात, घरी चल."