मागच्या भिंतीवरचा पंखा

फार वर्षं झालेली नाहीत, पण यंत्रांच्या हिशेबाने जुनाच काळ म्हणायचा. लग्नांचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या हेमलताबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये एक पंखा प्रोसेसरच्या डोक्यावर बसून त्याला वारा घालत असे. एक दिवस बाईंनी प्रोसेसर गार ठेवणारा, पाण्यावर चालणारा कूलर आणला. त्याच्या नळ्या आणि निळे दिवे बघूनच पंख्याच्या पोटात दुखू लागलं. पंख्याची जागा कूलरला मिळाली आणि पंखा गेला कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागच्या भिंतीवर, आतली गरम हवा बाहेर टाकायला.

"किती गार वाटतंय," प्रोसेसर कूलरला म्हणाला. एवढ्या वर्षांत पंख्याला तो असं कधी म्हणाला नव्हता.

कूलर ठेवायचा की परत करायचा, हे ठरवायला बाईंनी कॉम्प्युटरला भरपूर काम लावलं आणि त्या पेटीच्या काचेतून आत बघत बसल्या. पंख्याने संधी साधली. तो फिरायचाच थांबला. पेटीत गरम हवा कोंडली.

"दादा, मी प्रोसेसरची उष्णता उचलतोय, पण ती बाहेर तूच टाकू शकतोस," कूलर काकुळतीला आला.

पंखा ढिम्म हलला नाही. उद्या हा खोक्यात परत जाणार, या विचाराने त्याला गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात प्रोसेसर धापा टाकत म्हणाला, "घाबरू नकोस रे कूलर. मागे आपला दादा आहे."

पंख्याला कसंतरीच झालं. तो फिरणार, तोच कॉम्प्युटर तापून बंद पडला.

"कूलर चांगला आहे," बाई म्हणाल्या. "मागचा पंखा गेलाय."

पंख्याला फिरून दाखवायचं होतं. पण वीज बंद होती आणि बाई त्याचे स्क्रू सोडवत होत्या.