उतारावरून परत

“...मग तुम्ही तरी मोकळे आहात का, बाबा?”

जमालबाबा फकिरानं बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाशी पेजेची वाटी धरली होती.

विचारणारा शार्ङ्गधर पंचविशीतला. पैठणच्या पाठशाळेत वादात त्याला कुणी हरवलं नव्हतं. वडिलांनी न विचारता लग्न ठरवलं, तेव्हा त्यानं घर सोडलं आणि दक्षिणेकडे निघालेल्या लमाणांच्या तांड्याबरोबर चालू लागला. तांडा बालाघाटच्या पायथ्याशी थांबला होता. वर डोंगरावर एक फकीर राहतो, त्याला कशाचंच बंधन नाही, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून तो चढून आला होता.

“गार आहे!” म्हातारा ओरडला आणि त्यानं वाटी उडवली.

फकिराची कफनी भिजली. त्यानं वाटी उचलली, पेज पुन्हा चुलीवर ठेवली.

“हा कोण तुमचा?” शार्ङ्गधरनं विचारलं.

“कोणी नाही. हैबती नाव. घोडेस्वार होता. वाटेत पाय लुळे पडले, इथंच राहिला.”

“आणि तुम्ही त्याची बोलणी खाता?”

“बोलणी मी खातो. पेज तो खातो.”

शार्ङ्गधर हसला नाही.

“मी ऐकलं होतं ते वेगळंच. तुम्हाला घर नाही, दार नाही, मागं कुणी नाही. पण इथं तर एक लुळा माणूस तुम्हाला उठवतो, बसवतो. माझं तसं नाही. मी बाप सोडला, गाव सोडलं. आता माझ्यावर कुणाचा हुकूम चालत नाही.”

“चांगलं आहे.”

“माझ्या मनाचाही चालत नाही. भूक लागली तरी मी ठरवीन तेव्हाच जेवतो.”

“हेही चांगलं.”

“मग मला शिष्य करून घ्या.”

फकिरानं चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

“म्हणजे माझा हुकूम चालणार तुझ्यावर?”

“तो मी आपणहून मानलेला असेल.”

“असं...”

पेज उकळली. फकिरानं ती निववून हैबतीला भरवली, त्याचं तोंड पुसलं. मग कोपऱ्यातली घागर उचलली.

“मी झऱ्यावर जाऊन येतो. वाट अवघड आहे, वेळ लागेल. तोवर याच्याजवळ बस.”

“हा हुकूम आहे?”

“नाही. तुझा तांडा दुपारी हलणार ना? जायचं असेल तर जा.”

फकीर गेला.

हैबतीनं मान वळवून पाहिलं.

“तू कशाला थांबलास? पोथ्या वाचलेला दिसतोस. जा, तूही जा. सगळे जातात.”

आणि तो शिव्या देऊ लागला. शार्ङ्गधरला, फकिराला, आपल्या पायांना, मरून गेलेल्या घोड्याला.

शार्ङ्गधर उठला. झोळी खांद्याला लावली आणि उतरू लागला. खाली बैलांच्या घंटा वाजत होत्या, तांडा हलायला लागला होता. वारा छान होता. म्हाताऱ्याचा आवाज पाठीमागून येत होता. तो ऐकू येत असतानाही आपले पाय थांबत नाहीत, याचं त्याला बरं वाटलं.

उतारावर निम्म्यात आला, तेव्हा शिव्या थांबल्या.

तो थोडा पुढं गेला. मग उभा राहिला. कान देऊन ऐकलं.

काहीच नाही...

तो वळला आणि धावत वर आला.

हैबती बाजेवरून खाली पडला होता. तोंड जमिनीत, एक हात अंगाखाली. त्याला कूस बदलता येत नव्हती, श्वास घुसमटत होता. शार्ङ्गधरनं त्याला उताणं केलं, नाकातोंडातली माती काढली, छाती चोळली. म्हातारा खोकला. शेवटी एक लांब श्वास आत गेला. शार्ङ्गधरनं त्याला उचलून बाजेवर घेतलं.

“हात गार आहेत तुझे,” हैबती कुरकुरला. पण त्यानं तो हात सोडला नाही.

फकीर परत आला तेव्हा शार्ङ्गधर तसाच बसला होता. धावत चढताना गुडघे सोलवटले होते. खालच्या घंटा आता ऐकू येत नव्हत्या.

“गेला नाहीस?”

“गेलो होतो. परत आलो.”

“यानं हाक मारली?”

“नाही. हा गप्प झाला.”

फकिरानं घागर खाली ठेवली. हैबतीला पाणी पाजलं, मग शार्ङ्गधरला दिलं. शार्ङ्गधर प्यायला नाही.

“बाबा, याचं माझं नातं नाही. याची मला दयासुद्धा आली नव्हती, रागच आला होता. पाप लागेल अशी भीती नव्हती. कुणी बघत नव्हतं. मी जाऊ शकत होतो. तांडाही गेला. म्हणजे मी अडकलोच ना?”

फकिरानं पाण्यात फडकं भिजवलं आणि शार्ङ्गधरचे गुडघे पुसू लागला.

“सांगा ना, बाबा. अडकलोच ना मी?”

फकिरानं वर पाहिलं.

“वळलास तेव्हा पाय कुणाचे होते?”