गव्यांच्या वाट्याचा पाचोळा

एका डोंगराच्या उतारावर साग आणि मोहाचे दाट जंगल होते, आणि त्या जंगलावर एक म्हातारा वाघ राज्य करीत असे. मुलांनो, राजा म्हणून तो काही फार दुष्ट नव्हता. पण दात हलू लागल्यापासून त्याला शिकारीपेक्षा कौतुकाची भूक जास्त लागे, आणि ती भागवायला त्याच्याजवळ प्रधान म्हणून एक कोल्हा होता.

या जंगलाला भय होते ते वणव्याचे. खालच्या माळावर माणसांची वस्ती होती. उन्हाळ्याच्या तोंडावर माणसे मोह वेचायला येत, झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा मोकळी करीत आणि विझवायचे विसरून घरी जात. म्हणून जुन्या जनावरांनी जंगलाच्या कडेने एक रुंद पट्टा आखून ठेवला होता. पानगळ सुरू झाली की तो पट्टा झाडून लख्ख करायचा. मग खालून आलेली आग तिथवर येई, खायला काही नाही असे पाही आणि तिथेच मरे. हे काम सगळ्यांनी करायचे. त्याला पाचोळापट्टी म्हणत. ज्याचे अंग मोठे त्याचा वाटा मोठा. गव्याने खुरांनी ढीग ओढायचे, रानडुकराने मुसंडी मारून सारायचे, वानराने कवेत भरून न्यायचे. उंदराने एक पान तोंडात धरून नेले तरी त्याची पट्टी भरली असे समजत. पट्टी भरताना सगळे कुरकुरत. पट्टी कोणाला आवडते? पण भरत.

पट्ट्याचा मधला, सगळ्यात रुंद भाग गव्यांच्या वाट्याला होता, आणि त्याच भागात एक टिटवी दरवर्षी अंडी घालीत असे. टिटवी काही काड्या गोळा करून घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे मांडते आणि त्यांच्यात खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. झाडलेली जमीन तिला तिथेच मिळे. गवे पट्टी भरून गेले की त्यांच्या मागोमाग ही हजर. गेल्या वर्षी तिची अंडी मुंगसाने फस्त केली होती. त्यामुळे या वर्षी तिचा सगळा जीव येणाऱ्या अंड्यांवर होता.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि कोल्हा वाघाच्या कानाशी लागला. म्हणाला, "महाराज, गव्यांची आणि रानडुकरांची पट्टी माफ करून टाका. बिचारे फार राबतात. आराम करतील, चरतील, अंगानं भरतील. गवे धष्टपुष्ट तर जंगल धष्टपुष्ट. त्यांच्या सुखातला थोडा वाटा झिरपत झिरपत उंदरापर्यंतही जाईल."

खरे कारण निराळे होते. म्हाताऱ्या वाघाला आता गव्यांच्या शिंगांची धास्ती वाटे. शिंगे खूश राहिलेली बरी, असा त्याने विचार केला आणि हुकूम सोडला. ज्यांच्या अंगात सगळ्यात जास्त ताकद, त्यांनाच काम माफ!

जंगल खवळले. उंबराखाली सभा भरली. ससा पाय आपटत म्हणाला, "माझ्या अंगात मूठभर मांस. मी उकरायचं, आणि हे डोंगराएवढे गवे रवंथ करत बघत बसणार?" मोरांनी नाक मुरडले. एका साळिंदराने तर राजाच्या गुहेकडे पाठ करून काटे फुलवले. सगळ्यात छान बोलला तो वानरांचा म्होरक्या. फांदीवर उभा राहून त्याने छाती बडवली आणि सांगितले, "जोवर गव्यांची माफी रद्द होत नाही, तोवर आपणही एक पान उचलायचं नाही!" टाळ्यांनी उंबर हलला.

टिटवीही सभेला आली होती. ती खालूनच म्हणाली, "वानरदादा, माफी रद्द होईल तेव्हा होईल. पण पट्टा असाच राहिला तर? मला तिथं अंडी घालायची आहेत."

"टिटवीबाई, अगं तुझ्याचसाठी तर हा लढा आहे," वानर मायेने म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

असे ते दिवस गेले. गवे माफी म्हणून हलले नाहीत, बाकीचे राग म्हणून हलले नाहीत. सागाची पाने मात्र कोणाची वाट पाहत नाहीत, ती पडत राहिली. पट्टा कुठे होता हे ओळखू येईना. टिटवीने वाट पाहिली आणि शेवटी, पोटात अंडी थांबेनात तेव्हा, गव्यांच्या भागात एक खडकाळ तुकडा तेवढा उघडा राहिला होता, तिथे चार अंडी घातली. भोवती गुडघाभर पाचोळा. दुपारी ऊन तापले की ती ओढ्यावर जाई, पोटाची पिसे पाण्यात भिजवी आणि धावत येऊन अंड्यांवर बसे, म्हणजे ती गार राहत. बसल्या बसल्या चोचीने एक एक पान उचलून लांब टाकी. वारा ते पान परत आणून देई.

इकडे जंगलातली कुजबुज वाघाच्या गुहेपर्यंत पोचली. वाघ पाण्यावर गेला तर हरणे मान खाली घालीनात. सकाळी पक्षी त्याच्या नावाने गात, ते गाईनासे झाले. कौतुकाशिवाय वाघाला झोप येईना. त्याने कोल्ह्याला बोलावले आणि चिडून म्हटले, "तुझी माफी तुझ्यापाशी ठेव."

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याने टेकडीवर चढून दवंडी दिली, "ऐका हो ऐका! महाराजांनी प्रजेचा आवाज ऐकला आहे. गव्यांची आणि रानडुकरांची माफी रद्द! पाचोळापट्टी पहिल्यासारखी!" ही माफी द्या म्हणून सांगणारा कोण होता, ते मात्र दवंडीत नव्हते.

मुलांनो, त्या दिवसाचा आनंद काय सांगावा! मोर नाचले. माकडांनी फांद्या मोडल्या. वानरांच्या म्होरक्याला सगळ्यांनी खांद्यावर घेऊन मिरवले, आणि तोही असा मान वर करून बसला की जणू जंगल त्यानेच लावले होते. हरणे म्हणाली, "राजा असावा तर असा, चूक सुधारणारा!" साळिंदर म्हणाले, "कसला राजा! आज एक बोलतो, उद्या दुसरं. असल्या लेच्यापेच्या राजानं गुहा सोडावी." यावरून हरणे आणि साळिंदरे यांच्यात जुंपली. विजयाचे श्रेय सशाचे की वानराचे यावरून वेगळेच भांडण लागले. गव्यांचा मुखिया फुरफुरत एका बाजूला उभा होता. "दिलेलं परत घेतात का कोणी?" एवढेच तो म्हणत राहिला. आणि म्हातारा वाघ गुहेच्या तोंडाशी बसून आपले नाव ऐकत होता. शिव्याही होत्या त्यात, पण नाव होते. त्याला त्या दिवशी गाढ झोप लागली.

या सगळ्या गलबल्यात टिटवी ओरडत आली. तिचा आवाज मुळातच कर्कश. ती म्हणाली, "माफी गेली, पण पाचोळा कुठं गेलाय? तो तिथंच आहे! मोह गळायला लागलेत, माणसं येतील. चला ना कोणीतरी!"

नाचणाऱ्यांचे पाय थांबले. मग एक म्हातारी हरिणी म्हणाली, "बाई गं, आजच्या चांगल्या दिवशी तरी टिवटिव करू नकोस. तुझा आवाज अपशकुनी असतो, ठाऊक आहे ना?" आणि नाच पुन्हा सुरू झाला.

टिटवी गव्यांच्या मुखियाकडे गेली. "दादा, वाटा तुमचा आहे. आता हुकूमही आहे."

"हुकूम आज निघाला," गवा म्हणाला. "पानगळ त्याआधीच झाली. पुढच्या पानगळीची पट्टी भरू की आम्ही. माफीतल्या पानांचा हिशोब आमच्याकडे मागायचा नाही."

ती वानराकडे गेली. त्याच्या गळ्यात अजून रानफुलांची माळ होती. "वानरदादा, तुम्हाला दोन हात आहेत. तुमची टोळी आली तर दुपारपर्यंत पट्टा निघेल."

वानर दुखावला. "टिटवीबाई, असं कसं बोलतेस? आमचा वाटा आम्ही उचलूच, पण गव्यांचं काम गव्यांनी करावं म्हणून तर आम्ही लढलो. आता तेच काम आम्ही केलं तर आम्ही जिंकलो काय?"

  मुलांनो, वानराचे म्हणणे बरोबरच होते. फक्त पाचोळ्याला ते कळत नव्हते.

मग ती राजाकडे गेली. वाघ आळोखेपिळोखे देत म्हणाला, "मी हुकूम मागे घेतला ना? आणखी मी काय करायचं, स्वतः झाडू?" कोल्ह्याने तिला पंखाला धरून बाहेर काढले.

ती परत अंड्यांवर जाऊन बसली. त्यातल्या एका अंड्याच्या आत आता टकटक होत होती. तिने कान लावून ऐकले आणि पुन्हा पाने उचलायला लागली.

आग भर दुपारी आली. खाली कोणीतरी मोहाखालचा पाचोळा पेटवला होता आणि वारा सुटला. धूर दिसताच टिटवी वर उठली आणि अशी ओरडली की सगळ्या जंगलाने ऐकले. या वेळी तिला कोणी गप्प बस म्हटले नाही. पण आता ऐकून काय उपयोग? आग पट्ट्याशी आली. दरवर्षी तिथे तिला काही खायला मिळत नसे. या वर्षी सगळ्या पट्ट्यावर ताट वाढून ठेवले होते. ती थांबलीसुद्धा नाही.

ज्याला पाय होते तो पळाला. गवे सगळ्यांच्या पुढे पळाले, कारण ते खरोखरच धष्टपुष्ट झाले होते. वानर झाडांवरून निसटले. टिटवीला पंख होते, तीही उडाली, पण ओढ्याकडे. पोट भिजवून आली, अंड्यांवर बसली. पिसांतून वाफ निघाली. पुन्हा गेली, पुन्हा भिजून आली. तिला वाटत होते, ऊन तापल्यावर हे चालते, तर आगीलाही चालेल. तिसऱ्या खेपेला धुरात तिला जागा सापडेना. घिरट्या घालीत ती अंड्यांना हाका मारत राहिली, पण टिटवीची अंडी कुठे उत्तर देतात!

आग डोंगराच्या माथ्यापर्यंत गेली आणि जळायला काही उरले नाही तेव्हा विझली. काळ्या उतारावर सगळे हळूहळू परत आले. म्हातारी हरिणी आली नाही. एक कासव सापडले, ते आपल्या कवचात होते आणि कवच तडकले होते. वाचलेल्यांची पुन्हा सभा भरली. उंबर राहिला नव्हता, म्हणून उघड्यावरच भरली. साळिंदर म्हणाले, चूक राजाची. कोल्हा म्हणाला, माफी तर केव्हाच रद्द झाली होती, तेव्हा राजाकडे काही बोट दाखवता येणार नाही. वानर म्हणाला, गव्यांची. गवा म्हणाला, संप करणाऱ्यांची. प्रत्येकाचे थोडे थोडे खरे होते.

टिटवी त्या सभेला नव्हती. राख निवल्यावर तिला तो खडकाळ तुकडा सापडला होता. चारही अंडी जागच्या जागी होती. त्यांना चीरही गेली नव्हती, नुसती काळवंडली होती. ती ओढ्यावर गेली, पोटाची पिसे भिजवली आणि येऊन त्यांच्यावर बसली. अंड्याच्या आतली टकटक थांबली आहे हे तिला कळले नसेल असे नाही. तरी ती बसली.

सभेत खूप बोलाचाली झाल्यावर शेवटी गव्यांना शरम वाटली. किंवा त्यांना वाटले, आता तरी कोणी बोट दाखवू नये. सगळा कळप खाली मान घालून पट्ट्याकडे निघाला. तिथे एकही पान नव्हते. खुरांनी ओढायला राखेशिवाय काही नव्हते. तरी ते राख ओढू लागले, इमानाने, रांगेत, आपल्या वाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओढत ओढत मुखिया टिटवीपाशी आला आणि खूर उचलून थांबला.

"बाई, जरा सरतेस का?" तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या वाट्याची पट्टी भरायची आहे."

टिटवीने वर पाहिले. जंगलात सगळ्यात कर्कश समजला जाणारा तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"आता सावकाश भरा," ती म्हणाली. "मी काही घाई करत नाही."

तात्पर्य : चुकीचा हुकूम एका दवंडीने मागे घेता येतो, पण त्याने साचवलेला पाचोळा दवंडीने उचलला जात नाही, म्हणून जिंकल्याचा नाच करण्याआधी कोणाचाही वाटा असो, हात लावून तो उचलावा.