टेबल सरकवा!

माणसाला मिजास असावी तरी किती? आमच्या शेजारच्या वैजूताईंनी जेवणाच्या टेबलावर टांगायला हौसेने दिवा आणला, तर नव्या फ्लॅटच्या छतातला विजेचा बॉक्स टेबलापासून लांब, ऐन येण्याजाण्याच्या वाटेवर निघाला. तो हलवून द्या म्हणायला त्या बिल्डर खर्डेकरांकडे गेल्या. मान वरही न करता ते म्हणाले, "बॉक्स बरोबर जागी आहे, बाई. तुमचं टेबल चुकीच्या जागी आहे. सरकवा!"

"अहो, तिथे टेबल ठेवलं तर स्वयंपाकघराचं दार उघडत नाही."

"मग कमी उघडा!" यावर त्यांचे चमचे खो खो हसले.

ताई घरी आल्या. दिवा त्याच बॉक्सला टांगला आणि वास्तुशांतीला खर्डेकरांना सत्काराचं आमंत्रण दिलं. मानाची खुर्ची मांडली ती बरोबर दिव्याखाली. शाल घ्यायला खर्डेकर ऐटीत उठले आणि दिव्याची पितळी शेड ठण्णकन डोक्यावर बसली.

"हा दिवा हलवा आधी!" ते पाहुण्यांदेखत ओरडले.

"दिवा बरोबर जागी आहे, साहेब," हातातली शाल उलगडत ताई म्हणाल्या. "तुमचं डोकं चुकीच्या जागी आहे. सरकवा!"