टाकीतला डुलणारा गोळा

गच्चीवरच्या टाकीत सेन्सर बसवला आणि पाणी किती चढलंय ते मोबाइलवर दिसू लागलं. तेव्हापासून टाकी वाहील या काळजीने माझी झोप उडाली. दिसत नव्हतं, तेव्हा मी छान झोपत होते! मग एका दुपारी माझ्या लेकीला, शाल्मलीला थोपटताना ही गोष्ट सुचली.

तू जन्मायच्याही आधी एका टाकीत एक तरंगता गोळा राहायचा. पाणी चढलं की तोही चढायचा आणि त्याच्या दांड्याने नळ बंद व्हायचा. पुढे त्याच्या शेजारी सेन्सर राहायला आला. बाहेर, टाकी भरून वाहिली की जिथे पाणी पडतं, नेमकं तिथेच बुलबुलीने घरटं बांधलं होतं.

"काळजी नको, ताई," सेन्सर तिला म्हणाला. "मी पापणीसुद्धा मिटत नाही. हे काका मात्र नुसत्या डुलक्या काढतात."

"पाणी उचलतं, मी उचलला जातो," गोळा म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही रे बाळा."

एका सकाळी वीज गेली आणि लगेच आली. सेन्सर इतका दचकला की सगळे आकडे विसरला. "टाकी रिकामी! पाणी सोडा!" असं ओरडतच सुटला. खालचा पंप सुरू झाला आणि पाणी काठाशी आलं. बुलबुलीने अंड्यांवर पंख पसरले. गोळा मात्र झोपेत तरंगावं तसा हळूहळू वर आला, दांडा टेकला आणि धार थांबली. घरट्यावर थेंबही पडला नाही.

आता मी तात्पर्य सांगणार, तेवढ्यात शाल्मली म्हणाली, "आई, मग त्या सेन्सरला कुणी 'आता तू झोप' म्हणालं का गं?"