मधली मेख

एकदा एक तरुण पाथरवट गावभर एकच प्रश्न विचारत हिंडला, "दोर सोडल्यावाचून माझ्या दादाला पलीकडे जाता आलं नसतं का?"

त्या कड्यावर प्रत्येक पाथरवटाची वडिलोपार्जित लोखंडी मेख असे. कमरेचा दोर तिला बांधून तो दगड फोडी. मेख हलवायची नाही, अशी रीत होती. पुढे अलीकडचा दगड संपला आणि कड्याच्या पलीकडच्या टोकाला चांगला दगड निघाला. मधली वाट पाऊलभर रुंद. दोर जेमतेम निम्म्यापर्यंत पुरे. त्यांचा दगड विकत घेणारा व्यापारी म्हणाला, "मला हलती माणसं हवीत, बांधलेली नकोत." तरुणाच्या थोरल्या भावाने दोर सोडला आणि तो मध्यावरून दरीत गेला. बाकीचे आपापल्या मेखा धरून उपाशी बसले. पण पोरांची तोंडे बघवेनात. उद्या तेही दोर सोडणार होते.

तरुण पहार घेऊन व्यापाऱ्यावर धावला. वाटेत त्याच्या वृद्ध गुरूने त्याला अडवले.

"त्या पहारीने दादाची मेख उपट."

"मेलेल्याची मेख? आबा, डोकं फिरलंय का तुमचं?"

"उपट. तुझा दोर पुरेल तिथे, मध्यावर ठोक."

रडत, शिव्या देत तरुण गेला आणि दादा जिथून पडला तिथेच त्याने मेख ठोकली.

व्यापारी हसला. "म्हातारबा, दगड काढताय की पाळणा बांधताय?"

वृद्ध शांतपणे म्हणाला, "शेठ, माणसांनी हललं पाहिजे, हे तुमचं खरं. दोराविना कोणी लोंबू नये, हे त्यांचं खरं. जुनी मेख कवटाळून पोट भरत नाही; पण नवी गाठ बसण्याआधी जुनी सोडायला लावणं म्हणजे माणूस दरीत ढकलणं. हलता माणूस तुम्हाला हवा ना? मग मधला दोर तुमचा."

मागून गडी ओरडले, "दोर द्या शेठ, आत्ता निघतो!"

व्यापाऱ्याने दोर दिला.

तरुण मध्यावर उभा राहिला. प्रत्येकाच्या कमरेला आधी नवा दोर बांधी, ओढून पाही, मगच जुना सोडी. पलीकडे पहिला घण वाजला तशी सारा कडा दणाणून सोडणारी आरोळी उठली. शेवटचा गडीही पोचला. तरुणाने तो प्रश्न पुन्हा कोणाला विचारला नाही.

परतताना त्याने मधला दोर सोडून नेला नाही. नीट गुंडाळून दादाच्या मेखेला अडकवून ठेवला, पुढे कधी कोणाला जागा बदलावी लागेल त्याच्यासाठी.