सफूराच्या गुलाबावरच्या मुंग्या

खाडीकाठच्या एका हिरव्यागार गावात सफूरा नावाची चिमुकली मुलगी राहायची. अब्बा वारल्यापासून ती आणि अम्मी चाचांच्या बागेच्या टोकाला, पत्र्याच्या एवढ्याशा खोलीत राहत. अम्मी दिवसभर लोकांचे कपडे शिवायची. शेजारच्या पांढऱ्याशुभ्र घरात चाचांची मेहरू राहायची, सफूराच्याच वयाची. मेहरूच्या पायांत रुपेरी पैंजण, मेहरूच्या ओढणीला चमचम टिकल्या आणि मेहरूच्या अंगणात लाल, केशरी, गुलाबी गुलाबच गुलाब!

सफूराकडे गुलाबाचं एकच रोपटं होतं. त्याच्या इवल्या इवल्या कळ्या उमलायच्या आधीच सुकायच्या आणि अंगभर काळ्या मुंग्यांची रांग लागलेली असायची.

"बघ गं, आज माझ्याकडे किती फुलं!" मेहरू कुंपणापाशी येऊन म्हणायची. सफूरा वरवर हसायची. पण पोटात असं काही जळायचं की हातातला घास गोड लागायचा नाही.

एका सकाळी ते जळणं अगदी असह्य झालं. तिने चुलीतलं पेटतं लाकूड उचललं आणि थेट मुंग्यांचं वारूळ गाठलं.

ती वाकली मात्र, शेजारच्या डाळिंबाच्या झाडावरच्या एका फुलातून सोनेरी उजेड सांडला. त्यात उभी होती अंगठ्याएवढी परी, मोरपंखी पंखांची.

"बाळ, मुंग्यांच्या घराला आग?"

सफूरा ओशाळली. "अम्मी सांगते, एका नबींना, म्हणजे अल्लाहच्या प्रेषितांना, मुंगी चावली. त्यांनी अख्खं वारूळ जाळायला लावलं, तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला, एका मुंगीसाठी सगळ्यांना का जाळलंस म्हणून. पण परीताई, या माझं झाड खातात ना!"

"नीट बघ तरी."

सफूराने डोळे बारीक केले. कळ्यांच्या देठांवर पोपटी मावा चिकटला होता, राईच्या दाण्याहून लहान किडे.

"रस तो पितो," परी म्हणाली. "मुंग्या नुसता त्याचा गोड चिकटा चाटतात. जे खरंच नुकसान करतं ते घालवायला हरकत नाही. पण हाल करून नाही आणि आगीने तर नाहीच."

सफूराने लाकूड पाण्यात विझवलं आणि साबणाच्या पाण्याने एकेक देठ हलक्या हाताने धुतला. परी खूश झाली. "एक इच्छा माग. अट एकच, तिच्यात 'पेक्षा' हा शब्द नको."

"मेहरूपेक्षा मोठी फुलं!" सफूरा पटकन बोलून गेली. परीचे पंख फिकटले.

"नको, नको! मेहरूपेक्षा छान पैंजण..." पंख आणखी फिकटले.

सफूराला रडूच कोसळलं. "मला दुसरं काही सुचतच नाही!"

तेवढ्यात छुमछुम करत मेहरू अनवाणी धावत आली. तिच्या पुढच्याच पावलाखाली, पाचोळ्यात, काळाकुट्ट विंचू नांगी उगारून बसला होता. पोटातलं जळणं कुजबुजलं, "चावू दे." सफूराच्या अंगावर काटा आला. तिने मेहरूला मागे ढकललं, दगड उचलला आणि एकाच घावात विंचू मारला.

मेहरू तिला बिलगली. सफूराने भरल्या डोळ्यांनी परीकडे पाहिलं. "मी जीव घेतला."

"विंचू दिसला तर नमाजात असतानाही मारायची मुभा आहे, बाळ. तू जीव वाचवलास आणि त्यालाही तडफडू दिलं नाहीस."

"पण आधी माझ्या मनात वाईट आलं होतं," सफूरा पुटपुटली. "परीताई, माझ्या पोटातलं हे जळणं विझू दे. बस."

परीचे पंख लखलखले. तिने सफूराच्या कपाळावर इवलासा हात ठेवला आणि तिच्या आतून गार झुळूक वाहून गेली. मग न मागताच रोपट्यावर टपोरे केशरी गुलाब उमलले आणि पत्र्याच्या खोलीच्या जागी कौलारू, टुमदार घर उभं राहिलं. दारात अम्मी तोंडाला पदर लावून बघतच राहिली. परी हसली, उजेडाचा झगमगता ठिपका झाली आणि उन्हात मिसळून गेली.

"एवढी मोठी फुलं?" मेहरूचं तोंड एवढंसं झालं. "माझ्याकडे तर अशी एकही नाही."

सफूराला ते दुखणं चांगलंच ठाऊक होतं. तिने सर्वांत टपोरं फूल खुडलं आणि मेहरूच्या वेणीत खोवलं.